जास्वंदीवर पांढरा कापूस, अरेका पामवर बारीक जाळी. दोन्हीला एकच औषध चालेल का? मदत हवी आहे

बाल्कनीवाली
नमस्कार मंडळी. आम्ही पुण्यात, तिसरा मजला, पश्चिमेची बाल्कनी. दुपारी एकनंतर नुसतं रणरणतं ऊन. बाहेर लाल देशी जास्वंद, कढीपत्ता आणि तुळस. आत हॉलमध्ये अरेका पाम, मनीप्लांट, स्नेक प्लांट.

होळीनंतर जास्वंदीच्या शेंड्यांवर आणि कळ्यांच्या देठाशी कापसासारखा पांढरा थर धरायला लागला. कोवळी पानं आक्रसून त्यांचे गुच्छ झालेत, कळ्या उमलायच्या आधीच गळतात. खालच्या पानांना हात लावला की चिकट लागतं आणि त्यावर काजळी धरल्यासारखं काळं दिसतं. कुंडीच्या काठावरून मुंग्यांची रांग दिवसभर चालू. सासूबाईंचं म्हणणं, मुंग्या कीड खातायत, खाऊ देत.

अरेकाची तऱ्हा वेगळी. पानांवर टाचणीने टोचल्यासारखे फिकट ठिपके, आणि उजेडात धरलं की पानामागे अगदी तलम जाळी. कीड अशी डोळ्यांना काही दिसत नाही.

नर्सरीवाल्याने "दोन्हीवर हेच मारा" म्हणून इमिडाक्लोप्रिडची बाटली दिली आहे. अजून उघडलेली नाही, कारण तुळस-कढीपत्ता शेजारीच आणि घरात मांजर. जास्वंदीची फुलं रोज देवाला लागतात. काय करू?

मृणाल_ठाणे
आमच्याकडेही सेम कापूस! वाचतेय.

कुंडीमास्तर
ताई, बाटली तशीच बंद राहू द्या. या दोन अगदी वेगळ्या किडी आहेत.

जास्वंदीवर पिठ्या ढेकूण, म्हणजे मिलीबग. अरेकावर बहुधा लाल कोळी, आणि हा कीटकच नव्हे. आठ पायांचा, गोचिडांच्या गोतावळ्यातला. इमिडाक्लोप्रिडने तो मरत नाही, उलट काही झाडांवर त्या औषधानंतर कोळी वाढल्याचं दिसून आलंय. शिवाय हे औषध झाडाच्या रसात भिनतं. कढीपत्ता आपण फोडणीत घालतो, आणि जास्वंदीच्या मधावर शिंजीर येतात.

आधी खात्री करा. अरेकाच्या पानाखाली पांढरा कागद धरून पानावर टिचक्या मारा. कागदावर पडलेले ठिपके मिनिटभरात चालायला लागले की समजा कोळी. जास्वंदीवरचा एक पिठ्या काडीने कागदावर चिरडा. रस गुलाबी-तांबूस निघाला तर तो जास्वंदीचा गुलाबी पिठ्या. शेंड्यांचे गुच्छ तोच करतो. पिवळा निघाला तर पपईवरचा असू शकतो. हा परदेशातून आलेला, भारतात २००८ मध्ये कोइमतूरला पहिल्यांदा सापडला आणि मग पपई, जास्वंद, तुती असं मिळेल ते खात सुटला.

आता मुंग्या. सासूबाईंना नमस्कार सांगा, पण मुंग्या पिठ्याला खात नाहीत, पाळतात. पिठ्या झाडाचा रस ओढतो आणि जादा साखर चिकट थेंबांनी बाहेर टाकतो. मुंग्या ते चाटतात आणि बदल्यात त्याला खाणाऱ्या भुंग्यांना हुसकून लावतात. तोच चिकटपणा खालच्या पानांवर सांडतो आणि त्यावर काळी बुरशी वाढते. ती काजळी ओल्या फडक्याने पुसली की जाते. मुंग्यांचा रस्ता मात्र आधी तोडा, नाहीतर बाकीचं सगळं फुकट. कुंडी स्टँडवर ठेवून स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा आणि एकही फांदी ग्रिलला किंवा भिंतीला टेकू देऊ नका. एक फांदी टेकली तरी त्यांना पूल मिळतो. वाट्यांतलं पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदला, डास नकोत.

मग झाड. गुच्छ झालेले शेंडे बिनधास्त छाटा, जास्वंद पुन्हा फुटते. छाटलेलं पिशवीत गाठ मारून कचऱ्यात; कंपोस्टमध्ये अजिबात नको. उरलेल्या झाडावर पाण्याचा जोरदार फवारा. बेचक्यांत लपलेले कानातल्या काडीला सर्जिकल स्पिरिट लावून एकेक टिपा.

त्यानंतर कडुनिंबाचं तेल: लिटरभर कोमट पाण्यात आधी रिठ्याचं पाणी किंवा हात धुवायच्या साबणाचे काही थेंब, मग ५ मिली तेल, आणि दुधासारखं पांढरं होईस्तोवर हलवा. नुसतं तेल पाण्यात टाकलं तर वर तरंगतं आणि शेवटचा फवारा पानं जाळतो. आधी एका पानावर मारून दोन दिवस बघा. ऊन उतरल्यावरच, पानांच्या खालून. आणि दर आठवड्याला, किमान महिनाभर. का, तर त्या कापसाच्या पिशवीत शेकड्यांनी अंडी असतात, त्यांच्यापर्यंत फवारा पोचत नाही. बाहेर पडलेली पिल्लं तेवढी मरतात.

अरेकाला यातलं काही लगेच नको. बाथरूममध्ये नेऊन हँड शॉवरने पानांच्या खालच्या बाजू धुवा, दर तीन-चार दिवसांनी. उन्हाळ्यात कोळ्याची एक पिढी आठवड्याभरात तयार होते, म्हणून खंड पडू देऊ नका. एसीच्या झोतातून हलवा. कोरडी गरम हवा त्याला मानवते.

डोंबिवलीकर
एवढी उठाठेव कशाला? तंबाखू रात्रभर भिजवा, गाळा, मारा. आमचे आजोबा तेच करायचे.

कुंडीमास्तर
@डोंबिवलीकर, कीड मरेल यात वाद नाही. पण ते निकोटिन आहे, कातडीतूनही अंगात जातं. घरात मांजर, शेजारी तुळस. नकोच.

द्राक्षबाग_निफाड
एक भर. पिठ्यांमध्ये एखादा जरा मोठा, लांब पांढऱ्या झालरींचा आणि भराभर चालणारा दिसला तर मारू नका. ती क्रिप्टोलीमस भुंग्याची अळी, पिठ्या फस्त करते. दिसते मात्र थेट पिठ्यासारखी, त्यामुळे लोक तिलाच आधी चिरडतात. हा भुंगा मूळचा ऑस्ट्रेलियाचा, आपल्याकडे १८९८ मध्ये आणलेला. आम्ही बागेत मुद्दाम सोडतो. बाल्कनीसाठी विकत आणायच्या भानगडीत पडू नका, दुसऱ्या दिवशी उडून जाईल. आपणहून आला तर राहू द्या. आणि तो दिसला की तेलाचा फवारा थांबवा.

बाल्कनीवाली
सगळ्यांचे आभार. कागदावर ठिपके खरंच चालायला लागले, अंगावर काटा आला. पिठ्याचा रस गुलाबी निघाला. शेंडे छाटले, वाट्या ठेवल्या. सासूबाई आता मुंग्यांवर पाळत ठेवून आहेत.

दोन शंका उरल्या. तुळस-कढीपत्त्यावर अजून काही नाही, तरी तेल मारून ठेवू का? आणि फवारलेल्या झाडाचं फूल देवाला चालेल का?

कुंडीमास्तर
फुलं सकाळी तोडून घ्या, फवारा संध्याकाळी. देवाचा प्रश्नच उरत नाही.

कीड नसताना तेल मारू नका. तुळशीची कोवळी पानं चटकन करपतात, आणि कढीपत्त्याला कडू वास राहतो. त्या दोन्ही कुंड्या जास्वंदीपासून हातभर तरी लांब न्या आणि आठवड्यातून एकदा पानं उलटून बघा. नवीन आणलेलं रोप दोन-तीन आठवडे वेगळं ठेवायचं. कुंडीतून हलक्या हाताने काढून मुळंही बघा. कुंडीच्या आतल्या बाजूला पांढरी पूड दिसली तर पिठ्या मुळाशीही आहे, मग माती बदलूनच लावा.

मांजराला फवारा वाळेपर्यंत झाडाजवळ फिरकू देऊ नका. आणि मनीप्लांट, स्नेक प्लांट त्याच्या तोंडाला लागणार नाहीत असे उंच ठेवा, दोन्ही मांजरांना बाधतात. अरेका चावली तरी चालते.

मृणाल_ठाणे
माझ्याकडचा पिवळा निघाला! इमारतीच्या मागे पपईचं झाड आहे, तिथूनच येत असणार. तेलाचं प्रमाण तेच ठेवू ना?

कुंडीमास्तर
तेच ठेवा. पण पपईची पानंही पांढरी झाली असतील तर सोसायटीला सांगून ती आधी काढून घ्या.