मदत हवी आहे: नववीतल्या मुलीसाठी विमानांचं उन्हाळी शिबिर

नमस्कार मंडळी. माझी भाची यंदा नववीत जाईल. ओझरच्या एचएएल या विमान कारखान्यात बनलेलं सुखोई लढाऊ विमान डोक्यावरून गेलं की हातातलं काम टाकून गच्चीवर धावते. मे महिन्यात तिला प्रत्यक्ष हातांनी करायचं शिबिर हवंय. बाल्सा या हलक्या लाकडाचं ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचं छोटं विमान, स्वतः कापून-चिकटवून उडवायचं. नाक जड झालं की ते सरळ खाली का येतं, शेपूट जड झालं की नाक वर करून का कोसळतं, हे चुकतमाकत कळायला हवं. नुसत्या स्लाइड दाखवून प्रमाणपत्र वाटणारी शिबिरं नकोत, त्यात मुलांचा उत्साहच मरतो. छोट्या ड्रोनची जोडणी शिकवत असतील तर उत्तमच. नाशिकमध्ये गंगापूर रोड, नाशिकरोड, कुठेही नेऊन सोडू. तुमच्यापैकी कुणाची मुलं गेली असतील तर शिकवणारे कसे होते आणि एका गटात किती मुलं होती, तेवढं जरूर सांगा.