गायरानावर सौर प्रकल्प: ग्रामसभेने ठराव द्यावा का?

चराईवाला: शेतीपंपांना दिवसा सौर वीज देणाऱ्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० साठी सबस्टेशनजवळची गायरानं मागितली जातायत. १ मेगावॅटला चार-पाच एकर लागतात, म्हणजे ५ मेगावॅटला पंचवीसेक एकर कुंपणाआड जाणार. सातबाऱ्यावर 'सरकार' असलं तरी तिथे मेंढ्या चरतात भूमिहीनांच्या. त्यांच्या नावावर गुंठाही नाही, मग भाडं कुणाला मिळणार? ठराव देऊ नये.

फीडरवाला: अजिबात पटत नाही. रात्रीच्या लाइनला दारं धरायला अंधारात जावं लागतं, साप-बिबट्याची भीती वेगळीच. ही वीज सबस्टेशनातून शेतीच्या ११ केव्ही फीडरवर, म्हणजे शेतीपंपांकडे जाणाऱ्या लाइनवर, दिवसा मिळते. ५ एचपीचा पंप चार-साडेचार किलोवॅट ओढतो. कडक उन्हात १ मेगावॅटवर दोनशेवर पंप चालतात. शिवाय ग्रामपंचायतीला वर्षाला ५ लाख, तीन वर्षं.

चराईवाला: तीन वर्षं पैसे, आणि जमीन २५ वर्षं! दिवसा वीज हवीच, वाद जागेचा आहे. खाजगी पडीक जमिनीला हेक्टरी सव्वा लाख भाडं आहे, दरवर्षी ३ टक्के वाढ. पण तिथे सामाईक खात्यातल्या प्रत्येकाची सही लागते, गायरान एका आदेशात मिळतं. म्हणून सगळ्यांचा डोळा गायरानावर.

ओघळ: दोघेही पाण्याबद्दल बोलत नाही आहात. पावसाचं पाणी पॅनेलच्या खालच्या कडेवरून एकाच रेषेत पडतं, तिथे चर पडतो. सपाटीकरणात जुनी घळ बुजवली असेल तर लोंढा थेट खालच्या शेताच्या बांधावर. काळ्या मातीत खांब उथळ ठोकले तर माती फुगते, खांब वर उचलला जातो, रांग वाकडी होते आणि काच तडकते. धुण्याचंही बघा: मेगावॅटला दोन हजारांवर पॅनेल, प्रत्येकी दीड लिटर धरलं तरी एका धुण्याला तीन हजार लिटर. मे महिन्यात कुणाच्या बोअरमधून?

चराईचं म्हणाल तर कुंपणाआड मेंढ्या सोडता येतात, गवत कापायचा खर्चही वाचतो. शेळ्या मात्र नकोत, त्या पॅनेलवर चढतात आणि वायरी कुरतडतात. पॅनेलची खालची कड जमिनीपासून तीन फुटांवर हवी. फूटभरावर असेल तर मेंढी शिरतच नाही.

फीडरवाला: कड उचलली की पोलाद वाढतं, वाऱ्याचा भारही वाढतो. विजेचा दर ठरल्यावर कोणता ठेकेदार हे ऐकेल?

ओघळ: म्हणूनच अट ठरावातच घाला, मोजणीच्या आधी.

चराईवाला: मग पाणवठ्याची वाट आणि पाणंद कुंपणाबाहेर दाखवणारा नकाशाही ठरावाला जोडा. तो जोडला नसेल तर माझा विरोध कायम.