मदत हवी आहे: अणुप्रकल्प मोडीत काढणाऱ्या रोबोटसाठी अनुदान घ्यावं की कंत्राट?

पाइपवाली:
नमस्कार मंडळी. विषय आडवाटेचा आहे, पण इथे बीएआरसीतून निवृत्त झालेले लोक आहेत, इंग्लंडमधले सीए आहेत, म्हणून विचारतेय.

मी मूळची डोंबिवलीची. इंग्लंडमधल्या वॉरिंग्टनला आम्ही तिघांनी छोटी कंपनी काढली आहे. आमचा रोबोट म्हणजे सहा इंची पाइपातून सरपटत जाणारा गडी. पुढे कॅमेरा आणि किरणोत्सर्ग मोजणारा गॅमा डिटेक्टर, मागे केबल. पाइपाच्या आत किरणोत्सर्गी गाळ कुठे किती बसलाय याचा तो नकाशा काढतो. मग कुठे कापायचं आणि कुठला तुकडा कुठल्या प्रतीच्या कचऱ्यात टाकायचा, हे माणूस आत न पाठवता ठरवता येतं.

आमच्या डोळ्यांसमोरचं गिऱ्हाईक म्हणजे सेलाफील्ड, इंग्लंडमधला जुना अणुप्रकल्प. तिथली सफाई २१२५ पर्यंत चालणार आणि खर्च १३६ अब्ज पौंड, असं ब्रिटनच्या नॅशनल ऑडिट ऑफिसने २०२४ मध्ये सांगितलं. आईला हा आकडा सांगितला तर म्हणाली, "मग तुमचेच पगार का गं थकलेत?" माझा प्रश्न तोच आहे.

गेल्या वर्षी व्यवहार्यता तपासायला थोडे पैसे मिळाले. कोऱ्या पाइपात गडी झकास चालला. अहवाल दिला, कौतुक झालं, पैसे संपले. पुढे एका मोठ्या कंत्राटदाराकडे गेलो, तर पहिला प्रश्न "खऱ्या साइटवर चालवलाय का?" साइटवर जायला पैसे हवेत आणि पैसे मिळवायला साइट.

समोर काय आहे ते सांगते. इनोव्हेट यूके या सरकारी संस्थेचं अनुदान, छोट्या कंपनीला खर्चाच्या ७०% पर्यंत. किंवा एसबीआरआय पद्धतीची स्पर्धा, म्हणजे सरकारी खातं आपली अडचण मांडतं आणि ती सोडवायचं कंत्राट देतं; त्यात १००% मिळतात, पण विषय ते ठरवणार आणि कधी निघेल याचा नेम नाही. शिवाय एक गुंतवणूकदार आहे, त्याला २५% हिस्सा हवाय. आणि तारापूरच्या बाजूला काही करता येईल का?

खडूस_सीए:
७०% वाचून लोक खूश होतात. ते पैसे आधी आपण खर्चायचे, मग तिमाहीच्या शेवटी दावा लावायचा, मग येतात. म्हणजे उरलेले ३०% तर तुमचे आहेतच, वर तीन-चार महिन्यांचं खेळतं भांडवलही तुमचंच. पगार थकलेल्या कंपनीने हे अनुदान घेतलं तर कागदोपत्री श्रीमंत होऊन बुडायची वेळ येते. बघितलंय.

एसबीआरआय हे अनुदान नाहीच, ती सरकारी खरेदी आहे. पेटंट सहसा तुमच्याकडे राहतं, वापरायचे काही हक्क त्यांच्याकडे. ते कलम दोनदा वाचा. आणि संशोधनावरची करसवलत घेतली का? कंपनी तोट्यात असेल आणि ३०% किंवा जास्त खर्च संशोधनावर असेल, तर रोख परतावा मिळतो. २५% हिस्सा विकायच्या आधी हे करा.

अणुशक्तीनगरकर:
ताई, मी हॉट सेलमध्ये, म्हणजे किरणोत्सर्गी माल हाताळायच्या जाड भिंतींच्या खोलीत, मॅनिप्युलेटर (बाहेरून चालवायचे यांत्रिक हात) सांभाळण्यात उमर घालवली, म्हणून पैशाबद्दल नाही, गड्याबद्दल बोलतो. आत गेलेला रोबोट परत येत नाही असं धरून चाला. तो दूषित झाला की तोच कचरा. त्याची विल्हेवाट कोणाच्या खर्चाने? आणि मधेच मेला तर ओढून कसा काढणार? साइटवाले हे विचारणारच. तुमच्या अर्जात रोबोट किती हुशार आहे यावर चार पानं असतील आणि यावर एक ओळही नसेल, पैज लावतो.

आता आपल्याकडचं. तारापूरचे पहिले दोन संच १९६९ चे. वीजदरात युनिटमागे २ पैसे डीकमिशनिंगसाठी (प्रकल्प मोडीत काढण्यासाठी) घेतले जातात, म्हणजे निधीची सोय आहे. पण व्यापारी अणुभट्टी पूर्ण मोडीत काढल्याचं उदाहरण अजून नाही. राजस्थानातल्या रावतभाट्याचा पहिला संच २००४ पासून बंद आहे, ट्रॉम्बेची सायरस ही संशोधन-भट्टी २०१० अखेर बंद झाली. आपला रिमोट हँडलिंगचा जोर चालू भट्ट्यांवर राहिला: कूलंट चॅनेल (भट्टीतल्या इंधनाच्या नळ्या) तपासणं, बदलणं. तेव्हा इथे यायचं तर "तपासणी" म्हणून या, "मोडतोड" म्हणून नको. बीआरएनएसचे, म्हणजे अणुऊर्जा खात्याच्या संशोधन मंडळाचे, पैसे विद्यापीठांना मिळतात, तुम्हाला थेट नाही. एखादं कॉलेज गाठा.

योकोहामाची_सून:
फुकुशिमाचं उदाहरण देते. दुसऱ्या संचातून वितळलेल्या इंधनाचा पहिला नमुना काढायला ब्रिटन आणि जपानने मिळून २२ मीटर लांबीचा रोबोटिक हात बनवायला घेतला. वर्षं गेली. शेवटी नोव्हेंबर २०२४ मध्ये नमुना निघाला तो टेलिस्कोपसारख्या लांबणाऱ्या, गळासारख्या साध्या उपकरणाने. ०.७ ग्रॅम! आत अंदाजे ८८० टन आहे. तेही सरळ झालं नाही. ऑगस्टमध्ये पाइप लावायचा क्रम चुकला म्हणून थांबले, मग कॅमेऱ्यांनी दगा दिला. २०११ मध्ये क्विन्स नावाचा रोबोट केबल तुटून त्याच इमारतीत अडकला होता. पाइपवालीबाई, तुमचाही केबलवालाच ना?

पैशाचं म्हणाल तर लाँगऑप्सकडे बघा. २०२१ चा १२ दशलक्ष पौंडांचा कार्यक्रम, यूकेआरआय (ब्रिटनची संशोधन-निधी संस्था), एनडीए (तिथली अणुप्रकल्प मोडीत काढणारी सरकारी संस्था) आणि टेपको (फुकुशिमाची वीज कंपनी) अशा तिघांच्या पैशाने. सेलाफील्ड, फुकुशिमा आणि इंग्लंडमधल्या कलम गावचं जेट हे अणुसंलयनाचं यंत्र, या तिन्हींसाठी दूरनियंत्रण आणि डिजिटल ट्विन (यंत्राची संगणकातली हुबेहूब प्रतिकृती). छोट्या कंपनीने असल्या कामात मुख्य होऊ नये, कोणाच्या तरी हाताखाली एक तुकडा घ्यावा.

पाइपवाली:
काका, पैज जिंकलात. अर्ज उघडून बघितला, रोबोट अडकला तर काय यावर खरंच एक ओळ नाही. केबलचाच दोर करून ओढायचं आमच्या डोक्यात होतं, लिहिलं मात्र कुठेच नाही.

गुंतवणूकदाराला थांबवलंय. करसवलतीचा दावा या आठवड्यात लावते. व्हाइटहेवनला रायको म्हणून केंद्र आहे, रोबोट आणि एआयसाठीचं, सेलाफील्ड, एनडीए, यूकेएईए (ब्रिटनची अणुऊर्जा संस्था), मँचेस्टर विद्यापीठ वगैरेंचं मिळून. तिथे चाचणीची वेळ मागते, पैसे नकोत म्हणून सांगते. निदान "साइटजवळ चालवला" एवढं तरी म्हणता येईल.

स्वस्त पडावं म्हणून मोटरचा भाग पुण्याजवळ भोसरीतल्या वर्गमित्राकडून करून घ्यायचा विचार आहे. त्याला ड्रॉइंग पाठवलीत.

खडूस_सीए:
थांबा. किरणोत्सर्ग किती सोसतो तुमचा गडी?

पाइपवाली:
डिझाइन १०,००० ग्रेचं (ग्रे म्हणजे शोषलेल्या किरणोत्सर्गाचं माप) आहे. का?

खडूस_सीए:
५,००० ग्रेच्या वर सोसणारे रोबोट निर्यात-नियंत्रणाच्या यादीत येतात. आणि नियंत्रित वस्तूचं ड्रॉइंग ईमेलने परदेशी पाठवणं हीसुद्धा निर्यातच. नुसता मोटरचा भाग त्यात बसतो की नाही, हे त्या विषयाचा वकील सांगेल. आजच फोन करा, पुढचं ड्रॉइंग पाठवू नका.

पाइपवाली:
अगं आई गं. दोन मेल गेलेत. फोन लावते.