पीएच २.५ ला ई. कोलाय जिवाणू: वाचलेल्या वसाहती म्युटंट (जनुक बदललेल्या) असतात का?

पेट्रीडिश: के-१२ (ई. कोलायची प्रयोगशाळेतली स्ट्रेन) एलबी या पौष्टिक माध्यमात ओडी (गढूळपणा, म्हणजे पेशींची दाटी) ०.४ पर्यंत वाढवून पीएच २.५ च्या मिनिमल (मोजक्याच पोषकांच्या) माध्यमात २ तास, ३७ अंशांवर. एका नळीत १.५ मिलिमोलर ग्लुटामेट (एक अमिनो आम्ल), दुसरीत नाही. दुसरीत सगळे मेले, पहिलीत जेमतेम ७-८ वसाहती. हे आम्ल सोसणारे म्युटंट समजायचे का?

आगरप्लेट: घाई करू नका. पीएच २.५ ला पेशी विभागतच नाहीत, त्यामुळे दोन तासांत नवं उत्परिवर्तन होऊन ते पसरलं असं शक्य नाही. फार तर आधीपासूनचा एखादा म्युटंट निवडला गेला असेल. वसाहत साध्या एलबीत पुन्हा वाढवा आणि तशाच लॉग फेजमध्ये (भराभर वाढत असतानाच) परत आम्लात टाका. पुन्हा मेली तर म्युटंट नव्हे.

खरी गडबड ओडी ०.४ ची, म्हणजे पेशी अजून लॉग फेजमध्येच. ग्लुटामेट वापरून आम्लापासून वाचवणारी गॅड जनुकं मुख्यतः स्टेशनरी फेजमध्ये (वाढ थांबल्यावर) चालू होतात, आरपीओ-एस या नियामक प्रथिनाच्या हुकमाने. गॅड-ए आणि गॅड-बी ही एन्झाइमं ग्लुटामेटचा कार्बॉक्सिल गट काढतात, त्यात दर रेणूमागे पेशीतला एक प्रोटॉन खर्ची पडतो. त्यातून तयार झालेलं गाबा हे रसायन गॅड-सी हे पेशीपटलातलं प्रथिन बाहेर टाकतं आणि नवं ग्लुटामेट आत घेतं. ही यंत्रणा आधीच तयार नसेल तर नुसतं ग्लुटामेट घालून काय होणार?

एलबी + ०.४% ग्लुकोजमध्ये रात्रभर वाढवा, मग १० मिलिलिटर आम्ल माध्यमात १० मायक्रोलिटरच घाला. १:२० ने टाकलं तर एलबी पीएच वर ढकलतं, शिवाय त्यातली अमिनो आम्लंही सोबत येतात. ग्लुकोज वगळू नका. त्याने आरपीओ-एसवरचीच दुसरी, ग्लुटामेट न लागणारी यंत्रणा दबते. नाहीतर कंट्रोल नळीतल्या (ग्लुटामेट नसलेल्या) पेशीही जगतात आणि तुलनाच उरत नाही.

टायट्रेशन: ग्लुटामेट घातल्या*नंतर* पीएच पुन्हा २.५ ला आणा. सोडियम ग्लुटामेट तो वर नेतं. नमुने लगेच पीएच ७ च्या फॉस्फेट बफरमध्ये पातळ करा, नाहीतर प्लेटवर पसरेपर्यंत मरणं चालूच राहतं.

के-१२ च्या जुन्या स्ट्रेनांत आरपीओ-एस बिघडलेलं सर्रास सापडतं. वसाहतींवर आयोडीन ओता: ग्लायकोजेन असेल तर गडद तपकिरी, आरपीओ-एस नसेल तर फिकट.

आगरप्लेट: बरोबर, हे आधी तपासा. स्ट्रेनच तशी असेल तर बाकी सगळी मेहनत वाया.

कल्चरट्यूब: साल्मोनेला या दुसऱ्या जिवाणूवर हीच कृती लावू नका, त्याला गॅड नाही. तिथे लॉग फेजच्या पेशी आधी पीएच ५.८ ला सरावून मग ३.३ ला नेतात. आणि खरोखर जनुकीय बदल पाहायचा असेल तर ई. कोलायचा जवळचा नातलग शिगेला हा जिवाणू बघा: लायसिन डीकार्बॉक्सिलेज या एन्झाइमचं, आम्लात उपयोगी जनुक त्याने गमावलंय, कारण त्यातून बनणारं कॅडाव्हेरिन त्याच्याच विषाला अडवतं.