क्लचला हात लावण्याआधी थ्रॉटल बॉडी उघडून बघा

दुसऱ्या गिअरमध्ये, ॲक्सिलरेटरवर पाय नुसता टेकवला की गाडी उसळते आणि गॅरेजवाला क्लच बदला म्हणतोय, असं तुम्ही लिहिलंय. मला नाही पटत. क्लच प्लेट झिजली की इंजिन नुसतं ओरडतं, गाडी त्या मानाने पळत नाही. तुमचं दुखणं उलट आहे.

माझ्या सेकंडहँड पेट्रोल हॅचबॅकला हेच व्हायचं. एअर फिल्टरचा पाइप काढला तर थ्रॉटल बॉडीच्या (इंजिनात किती हवा जाईल ते ठरवणारा भाग) झडपेच्या कडेला काळी काजळी. त्यामुळे झडप किंचित अडकते आणि मग एकदम सुटते. म्हणून धक्का कमी वेगातच जाणवतो, हायवेला नाही. थ्रॉटल बॉडी क्लीनर आणि मऊ फडकं, बास. इग्निशन चालू असताना झडप बोटाने ढकलू नका, आतले मोटर-गिअर नाजूक असतात. साफ केल्यावर आयडलिंग (गाडी उभी असताना इंजिनचा वेग) वरखाली झालं तर घाबरू नका, बऱ्याच गाड्यांत स्कॅनरने (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र) आयडल पुन्हा शिकवावं लागतं. (मी घाबरलो होतो.)

तरीही फरक नाही पडला तर स्कॅनर लावून ॲक्सिलरेटरचं पेडल सावकाश दाबा. पेडल किती दाबलंय तो आकडा सलग चढला पाहिजे. मध्येच उडी मारली तर दोष पेडल सेन्सरचा. इंजिन माउंटिंगही (इंजिन धरून ठेवणारे रबरी आधार) बघून घ्या, रबर फाटलं की साधा झटकाही दुप्पट वाटतो. चढावर जोर देताना चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर मात्र मिसफायर, म्हणजे सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नाही. मग आधी स्पार्क प्लग आणि इग्निशन कॉइल बघा.

गाडी सीएनजीवर आहे का? दोन्ही इंधनांवर चालवून फरक सांगा.