बीएमआयएम-पीएफ६ ची जुनी बाटली, आतून काच धुरकट झालीय. वापरावी का?

काचनळी:
कपाटात १-ब्युटाइल-३-मिथाइलइमिडॅझोलियम हेक्साफ्लुओरोफॉस्फेटची (बीएमआयएम-पीएफ६, आयनिक द्रव म्हणजे खोलीच्या तापमानाला द्रव राहणारा क्षार) साधारण १०० ग्रॅमची बाटली आहे. कंपनीचं पॅकिंग नाही, इथेच बनवून बोरोसिलिकेटच्या बाटलीत भरलेला माल. लेबलवर नाव आणि 'एचपीएफ६ वापरून' (म्हणजे हेक्साफ्लुओरोफॉस्फोरिक आम्ल) एवढंच, तारीख नाही. द्रव फिकट पिवळा, मधासारखा दाट. द्रवाच्या पातळीच्या वर बोटभर रुंदीच्या पट्ट्यात काच धुरकट आहे. बाहेरून पुसून जात नाही. झाकण अजून उघडलेलं नाही.

काम असं: १ मोलर नायट्रिक आम्लाच्या द्रावणातून क्राउन ईथर (धातूचा आयन पकडणारा वलयाकार रेणू) वापरून धातूचे आयन या द्रवात ओढायचे, ६०° से. ला ढवळत. नंतर द्रव धुऊन रोटाव्हॅपवर (कमी दाबाखाली पाणी उडवणाऱ्या उपकरणावर) ८०° ला वाळवायचा आणि पुन्हा वापरायचा. नोंदवहीत लिहिलंय की हा ग्रीन सॉल्व्हंट आहे, बाष्पदाब जवळपास शून्य, त्यामुळे फ्यूम हूडची (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटाची) गरज नाही. हे कितपत खरं? आणि हा माल वापरता येईल का?

फ्लोरीन_१९:
दोन्हीला उत्तर 'नाही'.

बाष्पदाब नगण्य आहे हे खरं, पण तो अखंड क्षाराचा. पीएफ६ आयन पाण्याशी फुटतो तेव्हा हायड्रोजन फ्लोराइड (एचएफ) सुटतो, आणि त्याचा उत्कलनबिंदू १९.५° से. आहे. म्हणजे खोलीच्या तापमानाला तो वायूच. तुमचा धुरकट पट्टा द्रवाच्या वर आहे तो यामुळेच. एचएफ वरच्या मोकळ्या जागेत जमतो, काचेवरच्या ओलाव्यात विरघळतो आणि काच खातो.

पुढचा भाग जास्त वाईट. एचएफ आणि काचेतला सिलिका यांची क्रिया झाली की सिलिकॉन टेट्राफ्लोराइड आणि पाणी तयार होतं. ते पाणी आणखी पीएफ६ फोडतं, त्यातून आणखी एचएफ. पीएफ६ चं विघटन आम्लाने वेगावतं, त्यामुळे सुरुवातीला थोडंसं आम्ल उरलेलं असेल तर काचेच्या बंद बाटलीत ही साखळी आपोआप चालू राहते. लेबलवर 'एचपीएफ६ वापरून' आहे तिथेच माझी शंका जाते. एचपीएफ६ च्या जलीय द्रावणातून बनवलेला माल पाण्याने नीट धुतला नाही तर आम्ल आत राहतं. पोटॅशियम किंवा सोडियम हेक्साफ्लुओरोफॉस्फेटपासून बनवला तर ही अडचण बरीच कमी होते.

आकडा पाहा. या क्षाराचं रेणुभार २८४. १०० ग्रॅमपैकी फक्त १ टक्का पूर्ण फुटला तरी सुमारे ०.४ ग्रॅम एचएफ. बाटलीच्या तोंडाशी नाक नेऊ नये यासाठी एवढं पुरेसं आहे.

हा धोका नवा नाही. अलाबामा विद्यापीठातल्या रॉबिन रॉजर्स यांच्या गटाने २००३ मध्येच दाखवलं होतं की हा द्रव शुद्ध करताना फुटून त्यातून बीएमआयएमचा फ्लोराइड हायड्रेट मिळतो. तुमची नोंदवही त्यानंतरची असेल तर त्या ओळीवर काट मारा.

आणि तुमचं काम? पाणी, आम्ल, ६०°. विघटनाला लागणाऱ्या तिन्ही गोष्टी तुम्ही स्वतःहून देताय. वर रोटाव्हॅपवर ८०° ला निघणारा एचएफ काचेच्या कंडेन्सरमधून थेट पंपाच्या तेलात जाईल.

द्रावक:
ही बाटली माझ्या मते उघडूच नये. तरी कोणाला तपासायचीच असेल तर पुढीलप्रमाणे.

फ्यूम हूडमध्ये, काच खाली ओढून. बाटली एचडीपीईच्या (जाड पॉलिथिलीनच्या) टबात, खाली कोरड्या कॅल्शियम कार्बोनेटचा थर. हातात आधी पातळ नायट्राइल, वर निओप्रीन किंवा ब्युटाइलचे लांब हातमोजे. एकटं पातळ नायट्राइल एचएफसाठी भरवशाचं नाही. बंद गॉगल आणि वर फेस शील्ड. चष्मा चालणार नाही. पीव्हीसी ॲप्रन. खोलीत दुसरं कोणी तरी असलंच पाहिजे. झाकण पाव आटा फिरवून थांबा, दाब असेल तर निघू द्या. मग ओली पीएच पट्टी प्लॅस्टिकच्या चिमट्याने बाटलीच्या तोंडाजवळ धरा. ती लाल झाली तर तिथेच थांबा, झाकण लावा.

पट्टी बदलली नाही तरच पुढची चाचणी. पॉलिथिलीनच्या ड्रॉपरने १ मिली द्रव प्लॅस्टिकच्या सेंट्रीफ्यूज नळीत घ्या, १ मिली डिस्टिल्ड वॉटर घाला, हलवा, थर वेगळे होऊ द्या. याची घनता सुमारे १.३७, त्यामुळे आयनिक द्रव खाली बसतो. वरच्या पाण्याचा थेंब पीएच पट्टीवर टाका. ६ च्या आसपास असेल तर ठीक, ३ किंवा त्याखाली असेल तर माल बाद. पट्टी आम्ल सांगते, फ्लोराइड सांगत नाही. त्यासाठी झिर्कोनियम-ॲलिझरिन अभिकर्मक आहे, लाल रंग पिवळा होतो.

एनएमआर (रेणूतले अणू ओळखणारं चुंबकीय वर्णपटाचं यंत्र) उपलब्ध असेल तर ते सगळ्यात स्पष्ट. फ्लोरीनच्या वर्णपटात पीएफ६ चं दुभंगलेलं शिखर -७२ ते -७४ पीपीएमच्या भागात, जोडणी (दोन भागांतलं अंतर) सुमारे ७१० हर्ट्झ. -८३ च्या आसपास ९५० हर्ट्झच्या वर जोडणी असलेलं दुसरं दुभंगलेलं शिखर दिसलं तर ते डायफ्लुओरोफॉस्फेट, म्हणजे विघटन झालेलं आहे. -१५० च्या आसपास एकेरी शिखर दिसलं तर गोंधळू नका. एचएफने बोरोसिलिकेटमधला बोरॉन उचलून बनलेला तो टेट्राफ्लुओरोबोरेट असू शकतो. एफईपी लायनर (फ्लोरीनयुक्त प्लॅस्टिकचं अस्तर) घातल्याशिवाय असा नमुना काचेच्या नळीत भरू नये.

पट्टी_लाल:
प्रथमोपचाराबद्दल कोणी बोललं नाही म्हणून. झाकण उघडण्याआधी कॅल्शियम ग्लुकोनेट जेल (२.५ टक्के) टेबलावर हवी. औषधाच्या दुकानात तयार जेल सहसा मिळत नाही. १० टक्के इंजेक्शनचं १० मिली आणि पाण्यात विरघळणारी वंगण जेली ३० मिली एकत्र केली की २.५ टक्के होते. ताजी करून ठेवा.

पातळ एचएफने लगेच दुखत नाही हीच मेख आहे. २० टक्क्यांखालच्या द्रावणात वेदना आणि लाली यायला २४ तास लागू शकतात. 'काही झालं नाही' म्हणून घरी जाऊ नये. थेंब लागला की कपडे आणि हातमोजे पाण्याखालीच काढा. हा द्रव पाण्यात मिसळत नाही, त्वचेला चिकटतो, म्हणून साबण लावून धुवा. ५ मिनिटं धुऊन जेल हातमोजे घालून चोळत राहा, थेट दवाखान्यात जाईपर्यंत. जेल नसेल तर किमान १५ मिनिटं वाहतं पाणी. डोळ्यात गेलं तर फक्त पाणी, जेल नाही, आणि तडक नेत्रतज्ज्ञ.

डॉक्टरांना 'केमिकल लागलं' असं सांगू नका, 'हायड्रोफ्लोरिक ॲसिड' असं सांगा आणि एसडीएस (रसायनाचं सुरक्षा माहितीपत्रक) हातात द्या. फ्लोराइड रक्तातलं कॅल्शियम ओढतो, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. ईसीजी आणि कॅल्शियम दोन्ही बघावं लागतं. बधिरीकरणाचं इंजेक्शन घाईने नको, कारण वेदना थांबली का यावरूनच उपचार पुरेसा झाला का ते कळतं.

नवा_रसायनी:
मग पीएफ६ ऐवजी बीएफ४ (टेट्राफ्लुओरोबोरेट) घेतलं तर? स्वस्त पडतं आणि पातळही आहे.

फ्लोरीन_१९:
नको. बीएमआयएम-बीएफ४ खोलीच्या तापमानाला पाण्यात पूर्ण मिसळतं, दोन थरच होणार नाहीत. शिवाय बीएफ४ हा पीएफ६ पेक्षाही सहज फुटतो.

नायट्रिक आम्लासोबत काम करायचं तर एनटीएफ२, म्हणजे बिस(ट्रायफ्लुओरोमिथाइलसल्फोनिल)इमाइड. पाण्याला आणि आम्लाला टिकतो, पाण्यात मिसळत नाही आणि पीएफ६ पेक्षा बराच पातळ, त्यामुळे थर लवकर सुटतात. महाग आहे. निरुपद्रवीही नाही: त्यात ट्रायफ्लुओरोमिथाइल गट आहेत, ओईसीडीच्या २०२१ च्या व्याख्येनुसार तो पीएफएएसमध्ये (निसर्गात सहज न विघटणाऱ्या फ्लोरीनयुक्त रसायनांमध्ये) मोडतो. आणखी एक: क्राउन ईथरने धातू ओढताना त्या बदल्यात बीएमआयएम कॅटायन (धन आयन) पाण्यात जातो. म्हणजे पाण्याचा थरही सिंकमध्ये ओतायचा नाही. साखळी लांब केली, ब्युटाइलऐवजी ऑक्टाइल, तर गळती कमी होते, पण जलचरांना विषारीपणा वाढतो. यात फुकट काही मिळत नाही.

काचनळी:
एनटीएफ२ मागवतो. काम फ्यूम हूडमध्येच. जुनी बाटली न उघडता टाकायची कशी? की उघडून चुन्याच्या निवळीत ओतून फ्लोराइड बसवता येईल?

द्रावक:
ओतू नका. चुना फक्त सुटलेला फ्लोराइड कॅल्शियम फ्लोराइड म्हणून बसवतो, अखंड पीएफ६ तसाच राहतो आणि पुढे फुटत राहतो. कार्बोनेट असेल तर कार्बन डायऑक्साइडही सुटतो, बाटली घट्ट बंद केली तर फुटेल.

बाटली आहे तशी उभी एचडीपीईच्या रुंद तोंडाच्या डब्यात ठेवा, भोवती कोरडा विझलेला चुना दाबून भरा, डब्याचं झाकण सैल लावा आणि डबा हूडमध्येच ठेवा. वाळू, सिलिका जेल, व्हर्मिक्युलाइट यातलं काही नको, हे सगळे एचएफला काचेसारखेच. सांडलं तरी हाच नियम: आधी चुना, नंतर ॲसिटोनमध्ये भिजवलेल्या कागदाने पुसायचं. हा द्रव उडून जात नाही. हातमोज्यावरचा थेंब वजनकाट्याच्या बटणावर गेला तर दुसऱ्या दिवशीही तिथेच असतो, म्हणून काम संपल्यावर हूडचा काठ, काटा आणि दाराची मूठ पुसून घ्या.

लेबलवर लिहा: 'बीएमआयएम-पीएफ६, मुक्त एचएफ असण्याची शक्यता, काच कमकुवत, उघडू नये', आणि तारीख. २०१६ च्या घातक कचरा नियमांप्रमाणे फॉर्म ८ चं लेबल लागतं आणि साठवण सर्वसाधारणपणे ९० दिवसांपर्यंतच. महाराष्ट्रात तळोजा, रांजणगाव आणि बुटीबोरी इथे घातक कचऱ्याच्या सामाईक सुविधा आहेत, संस्थेचा करार कोणाशी आहे ते सुरक्षा अधिकाऱ्यांना विचारा. 'हॅलोजनयुक्त सॉल्व्हंट'च्या कॅनमध्ये हे मिसळलं तर नंतर त्या कॅनमध्ये कोणी आम्ल टाकेल. डबा वेगळाच ठेवा.