मदत हवी आहे : समलिंगी विवाह आणि बहुमत

नमस्कार. सोलापुरातील आमच्या घरी, ताटात कडक भाकरी आणि शेंगाचटणी वाढलेली असताना धाकट्या भावाने आपल्या जोडीदाराविषयी सांगितले, तेव्हा वडील एवढेच म्हणाले, "लोकांनाच मान्य नाही, तर कायदा कसा होणार?" ताट तसेच राहिले. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ विषयीच्या २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सामाजिक नैतिकतेपेक्षा (बहुसंख्यांना काय योग्य वाटते यापेक्षा) घटनात्मक नैतिकता (राज्यघटनेतील समता, स्वातंत्र्य ही मूल्ये) श्रेष्ठ मानली; १७ ऑक्टोबर २०२३ रोजी मात्र विवाहाचा प्रश्न संसदेवर, म्हणजे पुन्हा बहुमतावरच, सोपवला. आयर्लंडमध्ये २०१५ साली सार्वमताने हा हक्क मिळाला खरा, पण मूलभूत हक्कांसाठी मतांची मोजणी का व्हावी? हे वडिलांना साध्या मराठीत कसे समजवावे, आणि विवाहाची नोंद होत नसताना मृत्युपत्राखेरीज कोणती कागदपत्रे करून ठेवावीत, हे कृपया जाणकारांनी सांगावे.